इंजेक्शन थांबलं की चौकशीही थांबते

मा. संपादक,
स. न.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनविषयी लिहिते आहे. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. तीन महिन्यांतून एकदा सुई, तीही फुकट, रोज गोळी लक्षात ठेवायची कटकट नाही, घरात चार जणांना सांगावं लागत नाही. २०१७ पासून ते कुटुंब नियोजनात आलं आणि बऱ्याच जणींची सोय झाली. माझं म्हणणं आहे ते इंजेक्शन सोडल्यानंतरच्या काळाबद्दल.

इथे इंदूरला रामबागेत माझा शिवणवर्ग आहे. मापं घेताना गोष्टी निघतात. “ताई, कमरेत जरा सैल ठेवा” इथून सुरुवात होते, मग हळूहळू बाकीचं बाहेर येतं. सुई सोडून सहा महिने झाले, पाळीचा पत्ता नाही. दुसरीला रोज थोडं थोडं रक्त जातंच आहे. कुणाचं डोकं चढलेलं, कुणाचं कशात मन नाही. डॉक्टरांकडे गेलीस का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: “गेले होते. ‘हो जाता है’ म्हणाले.”

पंचाईत अशी की ते पुष्कळदा खरं असतं. या सुईतलं १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन स्नायूत साठतं आणि सावकाश विरघळतं. पुढच्या डोसची तारीख उलटली म्हणून असर संपत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बाई मेडिकलवरून ‘पाळी आणायच्या’ गोळ्या आणून खात बसली नसती. आणि पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हेही चूक. पहिल्या पाळीच्या आधीच बीज तयार होतं, म्हणून सगळ्यात आधी लघवीची तपासणी.

उलट बाजूही आहे. आमच्याकडे सगळ्याचं खापर सुईवर फोडतात. वर्गातल्या एकीचा थकवा आणि बंद पाळी ‘इंजेक्शनची गरमी’ म्हणून घरचे काढे पाजत होते. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं आणि थायरॉईड निघाला. हिमोग्लोबिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन), गरज पडली तर सोनोग्राफी, यात अवघड काय आहे? तासातासाला पॅड भिजत असेल, पोटात असह्य दुखत असेल तर थांबूच नये. सतत डोकं दुखून नजर अंधूक होत असेल तर नुसती दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवू नये. हे इंजेक्शन वर्षभराहून जास्त घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरच्या गाठीचा धोका वाढलेला दिसला, असा फ्रान्समधला अभ्यास २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला आहे. अशी गाठ मुळात क्वचित होते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण सुई किती दिवस घेतली, हे डॉक्टरांनी विचारायला तर हवं.

इंजेक्शन चालू असताना बाईजवळ कार्ड असतं, त्यावर पुढची तारीख असते, चुकली तर आशाताई आठवण करते. तिने ‘आता नको’ म्हटलं की कार्ड बंद. त्याच दिवशी त्याच कार्डावर तीन ओळी लिहून द्याव्यात: पाळी किती महिने लांबू शकते, कशासाठी लगेच यायचं, आणि मूल नको असेल तर तोवर काय वापरायचं. सहा महिन्यांनी आशाताईने एक फोन करावा. बायकांनीही ते कार्ड फेकू नये. किती डोस झाले, शेवटचा कधी, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

आरोग्य विभागाला आणखी एक विनंती. वस्तीतल्या दवाखान्यात निदान आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी बाई डॉक्टर बसाव्यात. सकाळी ओपीडीच्या वेळेला यातल्या कितीतरी जणी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत असतात.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये)