वायरमन भाऊ, तुमची पक्कड आमच्याकडंच राहिली

वायरमन भाऊंना नमस्कार,

तुमची बदली झाल्याचं काल बाजारात कळलं. समोरासमोर कधी नीट बोलले नाही, म्हणून आता हे सगळ्यांदेखत लिहिते.

किनवट तालुक्यातली आमची वस्ती म्हणजे डोंगरावरची सात घरं. नाला भरला की गावाचा रस्ता बंद. मुंबईजवळच्या घारापुरी बेटाला २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून लाईट दिली म्हणे. आमच्या या बिनसमुद्राच्या बेटाला कोण टाकतंय केबल? सात घरांच्या लाईट मीटरसाठी एवढे पोल परवडत नाहीत, हे तुम्हीच समजावून सांगितलं होतं. घरोघर लाईट पोचवायच्या २०१७ च्या सौभाग्य योजनेत अशा घरांना सोलरचा सेट होता: दोनशे ते तीनशे वॅटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी बल्ब आणि एक पंखा. तो आम्हाला मिळाला, फुकट. रॉकेलची चिमणी माळ्यावर गेली.

योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीही होती. पण दुसऱ्या पावसाळ्यात बल्ब तासाभरात विझायला लागले, तेव्हा फोन करून करून थकलो, कुणी फिरकलं नाही. सेट देऊन फोटो काढणाऱ्यांना चढ लागला नव्हता, दुरुस्तीवाल्यांनाच लागला.

तुमचं काम लाईनचं, सोलर तुमच्याकडं नव्हतंच. तरी सुट्टीच्या दिवशी चप्पल हातात धरून नाला ओलांडून आलात. आल्या आल्या वर बघितलं. लिंबाची एक फांदी प्लेटच्या कोपऱ्यावर आली होती. "एवढ्याशा सावलीनं काय होतंय?" असं आमचे हे म्हणाले. तुम्ही म्हणालात, पाटात मधेच ढेकूळ पडलं की पुढं पाणी जातं का? मग बॅटरीची झाकणं उघडली. पाणी आटून आतलं शिसं उघडं पडलेलं. टोकांवर हिरवट-पांढरा थर. तो गरम पाण्यानं धुऊन, पुसून तुम्ही व्हॅसलीन लावलं, आणि डिस्टिल्ड वॉटर स्वतःच्या पिशवीतून काढलं. पैसे घेतले नाहीत.

एक कबूल करते. "कुणी हात लावला नाही" असं मी सांगितलं होतं, ते खोटं. बॅटरी आणि बल्बच्या मधे असलेल्या कंट्रोलरच्या डबीवर लाल दिवा लागून बल्ब बंद व्हायचे, म्हणून पोरानं तो कंट्रोलर टाळून टीव्हीसाठी थेट बॅटरीवरून वायर घेतली होती. तुम्हाला ती दिसली. काही न बोलता काढलीत आणि पोराला जवळ बसवून सांगितलं, हा लाल दिवा बॅटरी मरू नये म्हणून लागतो.

तीच बॅटरी पुढं दोन वर्षं चालली. आता पोरगाच शेजारच्या सहा घरांच्या बॅटऱ्यांत पाणी घालतो, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो.

तुमची लाल मुठीची पक्कड त्या दिवशी इथंच राहिली. मेढीला टांगून ठेवली आहे. नाला उतरला की न्यायला या, आणि जेवायलाच या.

वस्तीवरची तुमची ताई