पावणेनऊ मिनिटं आणि सात रेघा

ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

एलसॅट म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा. तिच्यातला लॉजिक गेम्सचा विभाग म्हणजे 35 मिनिटांत चार कोडी, एकेकाला जेमतेम पावणेनऊ मिनिटं. तुमच्याकडे आले तेव्हा माझी दोनच व्हायची, बाकीची उत्तरं अंदाजपंचे. चुकलं तरी गुण कापत नाहीत, एवढाच काय तो आधार.

तुम्ही आधी घड्याळ बंद करायला लावलंत. मग सात वक्त्यांचं कोडं घातलंत: कोण कितवा बोलणार? तो कागद अजून माझ्याकडे आहे. क बोलतो ख च्या आधी. ख झाला की लगेच ग. घ तिसरा किंवा पाचवा. मी सात रेघा ओढल्या, नियम शेजारी जसेच्या तसे उतरवले आणि थेट पहिल्या प्रश्नावर उडी घेतली. तुम्ही हातातलं पेनच काढून घेतलंत. "क कुठे बसूच शकत नाही, ते सांग आधी."

ख-ग जोडीनं चालणार आणि क त्यांच्या आधी, म्हणजे क सहावा नाही आणि सातवाही नाही. त्या दोन रेघांखाली फुल्या. मग तुम्ही म्हणालात, घ ला दोनच जागा आहेत ना, मग दोन आकृत्या काढ की. घ तिसरा धरला तर ख चौथा, पाचवा किंवा सहावा. घ पाचवा धरला तर ख दुसरा, तिसरा किंवा सहावा. बस्स. प्रश्न अजून वाचलेही नव्हते आणि निम्मी उत्तरं कागदावर दिसत होती. त्याआधी आकृती म्हणजे वेळेचा अपव्यय, असं मी छातीठोकपणे सांगायचे. (तुम्ही तेव्हा हसला नाहीत, याचेही आभार.)

प्रत्येक वेळी दोन आकृत्या काढायची मला सवय लागली, तीही तुम्हीच मोडलीत. चार-पाच फाटे फुटायला लागले की थांबायचं, प्रश्नांकडे वळायचं. "जर अमुक तिसरा असेल तर" छापाचे प्रश्न आधी सोडवायचे, कारण त्यांच्यासाठी काढलेली मांडणी पुढच्या प्रश्नांतले पर्याय खोडायला कामी येते.

गट पाडायच्या कोड्यांत मात्र मी तुमचा अंत पाहिला. "प निवडला तर फ नाही" हे वाचलं की माझ्या डोक्यात "म्हणजे दोघांपैकी एक हवाच" असं पक्कं बसायचं. उलटा बाण मी बरोबर काढायचे: फ असेल तर प नाही. पण दोघंही बाहेर राहू शकतात, हे काही केल्या दिसेना. शेवटी तुम्ही कागदाच्या कडेला दोन रिकाम्या खुर्च्या काढल्यात. परीक्षेत तसला नियम आला तेव्हा मी आधी त्या खुर्च्याच काढल्या.

चौथं कोडं त्या दिवशीही अर्धवट राहिलं. तीन मात्र पूर्ण झाली.

आता तो विभागच उरला नाही. जून 2024 च्या परीक्षेत तो शेवटचा आला, ऑगस्टपासून त्याच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे छोट्या उताऱ्यांतले युक्तिवाद तपासायचा, आणखी एक विभाग आहे. त्यामागे एका अंध उमेदवाराच्या दाव्यात 2019 साली झालेली तडजोड आहे. ज्या रेघांनी मला तारलं, त्याच काढता येत नाहीत म्हणून कुणाची तरी वाट अडत होती. हे वाचलं तेव्हा मी जरा गप्प झाले. विभाग गेला ते योग्यच झालं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं, ते विचारायचं राहून गेलंय.

लॉ स्कूलमध्ये कराराचं कलम वाचताना "अमुक झाल्याखेरीज" असं आलं की मी अजून समासात बाण काढते. वर्गातल्या शेजारणीनं परवा विचारलं, हे काय? तिला सात वक्त्यांचं कोडं घातलंय. पेन काढून घ्यायला या रविवारी येता का?

तुमचीच,
पेन चावणारी विद्यार्थिनी