पिशवी गेली, पण दुखणं?

सातारा
रविवार

प्रिय विनायक,
स. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "पित्ताची पिशवीच काढून टाकली ना रे, मग आता दुखतं ते काय?" मी विषय बदलला. शेजारच्या टेबलावर अख्खं ऑफिस कान टवकारून बसलं होतं, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. त्यातच तू जाता जाता सांगितलंस की कंपनीच्या वार्षिक तपासणीत तुझ्याही पित्ताशयात खडा निघालाय आणि कुणीतरी "पिशवी काढून मोकळे व्हा" म्हटलंय. म्हणून आज सवडीने लिहायला बसलो. वहिनींनाही वाचायला दे. शेवटी ठरवणार त्याच, हे काय मला माहीत नाही?

आधी हे सांगतो, की ऑपरेशन केल्याचा मला पस्तावा नाही. माझं मूळ दुखणं अस्सल खड्याचंच होतं. जेवण करून झोपावं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला छातीच्या खाली, उजव्या बरगडीच्या आत कळ सुरू व्हावी. चढत चढत ती पाठीत, उजव्या फऱ्यापर्यंत जायची. ढेकर दिली, सोडा घेतला, कूस बदलली, कशाने काही नाही. तास-दोन तास छळून आपली आपणच उतरायची. सोनोग्राफीत खडे दिसले, दुर्बिणीतून पिशवी काढली, दुसऱ्या दिवशी घरी आलो. ती कळ गेली ती गेलीच. पुन्हा तशी आली नाही.

आलं ते वेगळंच. पोटावरचे टाके सुकले, लोक भेटून गेले, मी कामावर रुजू झालो आणि मग हळूहळू लक्षात आलं की दुखणं काही घर सोडत नाही. बेंबीच्या उजवीकडे एका जागी सतत टोचायचं. जेवण झालं की पंधरा मिनिटांत संडासला पळायला लागायचं, पिवळं पातळ आणि आग आग. आणि मधूनच, महिना-पंधरा दिवसांनी, बरगडीखाली एक आवळल्यासारखी कळ, जुन्या कळेची धाकटी बहीण म्हण हवं तर. मला वाटायचं हे सगळं एकच आहे. डॉक्टरला सांगतानाही "पोट दुखतं" एवढंच सांगायचो. पोटात काय एकच वस्तू असते?

माझी मिरजेची मावशी तुला आठवत असेल, शाळेच्या सुट्टीत आपल्याला चिंचा फोडायला बसवायची ती. तिची पिशवी पोट उघडून काढली होती. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. दुर्बिणीचं हे ऑपरेशन आपल्या देशात आलं १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी केलं तेव्हा. मावशीच्या बरगडीखाली तिरका, वीतभर व्रण होता. आणि ती पुढे कितीतरी वर्षं पदर खोचता खोचता म्हणायची, "इथं अजून दुखतंय गं." घरातल्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "काढलेली पिशवी कशी दुखेल? मनाचे खेळ आहेत." मावशीला जाऊनही आता काळ झाला. पण पुण्याच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचीच आठवण झाली. मनाचे खेळ नव्हते रे ते. निदान सगळे तरी नव्हते.

ह्या प्रकाराला डॉक्टर 'पोस्ट-कोलेसिस्टेक्टॉमी सिंड्रोम' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अर्थ एवढाच की पिशवी काढल्यावरही त्रास राहिला किंवा नवा झाला. किती जणांना होतो? वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात पाचपासून चाळीसपर्यंत आकडे सापडतात. कुणी साधं गॅस-अपचनही मोजतो, कुणी फक्त जोराची कळ मोजतो, म्हणून आकडा असा सैल. माझ्या मते हे नाव फाईलवर पडलं की डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही काम संपल्यासारखं वाटतं, तोच त्याचा तोटा. खरं काम तिथून सुरू होतं.

पहिलं बघायचं ते हे, की खडा मागे राहिलाय का. पिशवीतला एखादा खडा आधीच मुख्य पित्तनलिकेत उतरलेला असू शकतो, किंवा पिशवीचा जो देठ उरतो त्यात अडकलेला असू शकतो. त्यासाठी लिव्हरच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि मग एमआरसीपी. हे एमआरआयचंच मशीन, पित्तनलिकांचं चित्र काढतं. त्यासाठी मी पुण्याला गेलो. खंबाटकीच्या घाटात एसटीच्या प्रत्येक गचक्याला बेंबीजवळची ती जागा बोंबलत होती.

रिपोर्ट आला. नॉर्मल. बायकोने देवाला साखर ठेवली आणि मी, तुला म्हणून सांगतो, हिरमुसलो. एखादा बारीक खडा निघाला असता तर लोकांना दाखवायला काहीतरी झालं असतं. दुखतंय आणि कागदावर काहीच नाही, ह्याच्यासारखी पंचाईत नाही. ऑफिसात रजा मागताना आवाज आपोआप खाली येतो. लग्नाच्या पंगतीत "एक जिलेबी तरी घ्या, आता काय, पिशवी तर काढली" म्हणणाऱ्याला काय सांगणार? एक मेहुणे रोज आवळ्याचा रस घ्या म्हणायचे, दुसरे घेऊ नका म्हणायचे, आणि दोघांचाही दाखला कुणाच्यातरी सासऱ्यांचा.

पण पुण्याच्या त्याच डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला टेबलावर आडवं केलं. म्हणाले, "एका बोटाने दाखवा, कुठे." मी दाखवलं. त्यांनी तिथे दाबून धरलं आणि म्हणाले, "आता हात न लावता डोकं-खांदे उचला." उचलले तर दुखणं दुप्पट. त्यांना तेच हवं होतं. पोटाच्या आतलं दुखणं असेल तर स्नायू ताठ झाल्यावर ते झाकलं जातं, कमी होतं. वाढलं तर दुखणं पोटाच्या भिंतीत आहे. कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ मध्ये ही परीक्षा सांगितली. ना मशीन, ना पैसे. माझी भिंतीतली एक नस, दुर्बिणीच्या छिद्राजवळ कुठेतरी, चिमटली होती. त्या जागी भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि मी टेबलावरून उतरेपर्यंत ते टोचणं बंद. नंतर थोडं परत आलं, पुन्हा इंजेक्शन घेतलं, आता क्वचित जाणवतं. सोनोग्राफी, रक्त, एमआरसीपी, ह्या कशातच ते कधी दिसलं नसतं.

संडासचं कारण तू इंजिनिअर असल्यामुळे तुला लगेच कळेल. पित्त लिव्हर बनवतं, पिशवी फक्त साठवते आणि घट्ट करते. तेलातुपाचं खाल्लं की आकुंचन पावून एकदम सोडते. आमच्या खात्याच्या भाषेत, कण्हेरचं धरण काढून टाकलंस तर नदी वाहायची थांबत नाही, फक्त दार उघडायचं-लावायचं कुणाच्या हातात राहत नाही. पित्त दिवसभर आतड्यात ठिबकत राहतं. बहुतेकांचं आतडं ते जिरवतं. काहींचं नाही जिरवत, मग पित्तातलं आम्ल, म्हणजे पित्ताम्ल, मोठ्या आतड्यात जाऊन जुलाब करवतं. त्यावर कोलेस्टायरामीन नावाची पावडर आहे, ती पित्ताम्लाला धरून ठेवते. चवीला भिकार, पाण्यात विरघळत नाही, दातांत कचकचते. पण आठवड्याभरात मी निर्धास्त एसटीत बसायला लागलो. एकच पथ्य, ती बाकीची औषधंही धरून ठेवते, म्हणून माझी थायरॉइडची गोळी तिच्यापासून चार तास तरी लांब घ्यावी लागते.

राहिली ती धाकटी बहीण. पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते तिथे स्नायूंची एक गोल झडप असते. इटलीत रुग्गेरो ओडी नावाच्या, तेव्हा विद्यार्थीच असलेल्या माणसाने १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती ओडीची झडप. ती अवेळी आवळली तर कळ येते, असा डॉक्टरांचा कयास. इकडे साताऱ्यात एका डॉक्टरांनी लगेच सुचवलं होतं की तोंडातून दुर्बीण घालून झडपेला चीर देऊ, प्रश्न मिटेल. पुण्याच्या डॉक्टरांनी थांबवलं. ते म्हणाले, अमेरिकेत नेमक्या तुमच्यासारख्या लोकांवर, म्हणजे पिशवी काढलेली, कळा येतात पण तपासण्या ठीक, अशा २१४ जणांवर प्रयोग झालाय. काहींना खरी चीर दिली, काहींना नुसती दुर्बीण घातली आणि कुणाला काय केलं ते सांगितलं नाही. २०१४ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर आराम पडलेले खऱ्या चिरेच्या गटात २३ टक्के आणि नुसत्या दुर्बिणीच्या गटात ३७ टक्के! शिवाय ह्या प्रकारात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो तो वेगळाच. मी चीर घेतली नाही. खडा सापडलेल्या माणसाची, किंवा नलिका फुगून लिव्हरचे आकडे बिघडलेल्याची गोष्ट निराळी, त्यांना ती लागते. मला नव्हती लागत.

मला रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली. आमच्या मेडिकलवाल्याने पाकीट बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "काका, डिप्रेशन वगैरे?" दुकानात चारजण उभे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. हीच गोळी कमी मात्रेत नसांचा भडका शमवते. दीर्घकाळ दुखून दुखून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा फार हळव्या झालेल्या असतात, साध्या हालचालीचीही बोंब होते. सकाळी तोंड कोरडं पडतं, जरा गुंगी असते. पण कळा विरळ झाल्या आणि आल्या तरी मी आता घाबरत नाही, त्यानेही त्या लवकर उतरतात. फाईलवर कोडीन नको असं लाल शाईने लिहून घेतलंय, कारण अफूच्या जातीच्या औषधांनी ती झडप आणखी आवळते.

घाबरायचं कधी ते मात्र बायकोला पाठ आहे. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि संडास मातकट-पांढरी झाली, किंवा कळ उतरायलाच तयार नाही आणि उलट्या थांबत नाहीत, तर रात्र असो की पहाट, हॉस्पिटल. तिथे नॉर्मल रिपोर्टची जुनी फाईल दाखवून स्वतःची समजूत घालायची नाही.

आता तुझं. तुला ती मध्यरात्रीची कळ कधी आलीय का? आठवून सांग. सावजी मटण ओरपल्यावर छातीत जळजळतं आणि करपट ढेकरा येतात, असं तू म्हणालास. ते खड्याचं लक्षण नव्हे, विन्या. ते जेवणाचं लक्षण आहे. पिशवी काढलीस तर ती जळजळ जशीच्या तशी राहील आणि मग तूही माझ्यासारखा विचारत फिरशील की आता हे काय दुखतंय. गपगार पडून असलेल्या खड्यांपैकी वर्षाला शंभरातल्या फार तर तीन-चार जणांचे त्रास द्यायला लागतात. त्यामुळे लक्षण नसेल तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल किंवा आत मोठा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मांसल गाठ, असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा सर्जनला सरळ विचार, "माझा कोणता त्रास ह्या ऑपरेशनने जाईल आणि कोणता जाणार नाही?" आणि उत्तर वहिनींसमोर घे. खरी कळ येत असेल तर मात्र माझं हे पत्र पुढे करून पळ काढू नकोस. पाठोपाठ स्वादुपिंडाला सूज आलेले लोक मी वॉर्डात पाहिलेत.

रिपोर्टचा फोटो पाठव, खड्याचं माप आणि भिंतीची जाडी लिहिलेली ओळ दिसेल असा. डिसेंबरात पिंकीच्या लग्नाला आम्ही दोघं येतोच आहोत. वहिनींना सांग, माझ्यासाठी वेगळं काही शिजवू नका. थोडं थोडं, दोन-तीनदा वाढा म्हणजे झालं; तर्री तेवढी वरून काढून. जिलेबी मी मागून घेईन.

काकूंना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत