सुई टोचली तर लपवू नका

सर्व सहाय्यकांसाठी,

गेल्या आठवड्यात आपल्यातल्या एकीला वापरलेली सुई टोचली, टोपण परत बसवताना. तिने बोट पिळून रक्त काढलं, वर स्पिरिट चोळलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तिन्ही गोष्टी चुकल्या. बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं लागलीच, तर ती जितकी लवकर तितकी बरी. ७२ तास उलटले की सहसा देत नाहीत. ओरडा बसेल म्हणून गप्प राहू नका. आणि सुईला टोपण परत लावूच नका, ती सरळ शार्प्सच्या (वापरलेल्या सुया-पाती टाकायच्या) डब्यात जाऊ दे. डबा पाऊण भरला की बंद.

इंजेक्शननंतर रुग्णाला थोडा वेळ नजरेसमोर बसवा, 'बरं वाटतंय, जातो' म्हणणाऱ्यालाही. अंगावर गांध्या, घशात घरघर, चक्कर दिसली की डॉक्टरांना हाक मारा, त्याला आडवं करा (दम लागत असेल तर बसू द्या) आणि अ‍ॅड्रिनॅलिन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) पुढे करा.

हाकेला प्रतिसाद नाही, श्वासही नीट नाही, तर रुग्णवाहिका बोलवा आणि छातीच्या मध्यावर दाब सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंमी खोल.

रोज सकाळी ऑक्सिजनचा काटा, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि औषधांची मुदत बघून वहीत सही करा. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधा. परवा ती स्टेशनरीच्या खणात सापडली!