वाळूची बातमी आणि घरची माणसं

देवगड

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या वाळूच्या बातमीवरून वाळूवाले घरी येऊन गेले, आपल्या दाजीकाकांना पुढे घालून. धमकी वगैरे काही नाही. चहा घेतला, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि उठताना म्हणाले, "ताईंना सांगा, जरा सांभाळून. गणपतीत पेपरला पानभर जाहिरात आमचीच असते." आपल्याकडे दबाव असाच येतो, नात्यातून. मी सांगितलं, बातमीचं काय ते तिच्याशी बोला.

आमच्यासाठी बातमी अडवू नकोस. पण ते घरी आले म्हणून रागाने एक शब्द वाढवूही नकोस. मागच्या बातमीत हातपाटीवाले आणि सक्शन पंपवाले तू एकाच ओळीत बसवलेस, ते मला खटकलं. पाण्यात बुडी मारून पाटी भरणारा परवानाधारक आणि रात्री पंप लावणारा एक कसे?

टिळक रत्नागिरीत जन्मले हे आपण मिरवतो, १८८२ चा कोल्हापूर खटला मात्र फारसा कुणी सांगत नाही. दिवाण बर्व्यांविरुद्धची पत्रं खरी समजून छापली, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतूत खोट नव्हती, कागदात होती. तुला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ती नोटीस तहसील कार्यालयात जावक क्रमांकाशी ताडून पाहा, मगच छाप. वाळूवाल्यांचं म्हणणंही विचार, आणि देतील तसं छाप.

दाजीकाकांचा डंपर त्यांच्याकडे भाड्याने लागतो, हे संपादकांना आजच सांग. तुझ्या तोंडून कळलेलं बरं. फोटो देणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच नको, मलाही नको. १९७८ च्या कायद्याप्रमाणे प्रेस कौन्सिलसुद्धा ते तुझ्याकडून वदवून घेऊ शकत नाही (कोर्टाचं वेगळं).

रात्री खाडीवर एकटी जाऊ नकोस. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे २०२३ मध्ये गाडीच्या धडकेत गेले, खुनाचा गुन्हा नोंदला गेला. तेव्हापासून तुझा फोन लागला नाही की मला झोप येत नाही, हे तुला माहीत आहे.

जाहिरातीपायी संपादकांनी बातमी रोखली, तर ती त्यांची जबाबदारी. पण पंपांचा उल्लेख गाळून, गुळगुळीत करून तुझ्या नावाने छापायला निघाले, तर तुझं नाव काढायला सांग.

तुझी,
आई