फायलीवर सह्या किती, हेही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाईवर आपल्या अंकात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच: बाबू लोक कामचुकार आहेत, त्यांना वठणीवर आणा. मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्यात कामचुकार नव्हते असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण फाइल कुजते ती बऱ्याचदा दहाच्या ठोक्याला हजर असणाऱ्या, नियम तोंडपाठ असलेल्या आणि भिऊन वागणाऱ्या माणसांच्या टेबलांवर. हे बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

एक उदाहरण सांगतो. आमच्या खात्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात ऐन एप्रिलमध्ये बोअरची मोटर जळाली. रिवाइंडिंग करूनही चालेना. गृहपालबाईंनी तीन दरपत्रके जोडून नव्या मोटरचा प्रस्ताव पाठवला. आमच्या लिपिकाने त्याच दिवशी टिप्पणी लिहिली. वरिष्ठ लिपिकाने विचारले, मागील मोटर कधी घेतली होती? त्याचे उत्तर मागवले, आले. मी ‘नियमानुसार मान्यतेस्तव सादर’ लिहून सही केली. लेखाशाखेने शेरा मारला, ‘जुनी मोटर निर्लेखित केल्याचे (म्हणजे नोंदवहीतून कमी केल्याचे) दिसून येत नाही.’ पुन्हा वसतिगृहाला पत्र. मग फाइल साहेबांपुढे गेली आणि ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली. (या दोन शब्दांनी महाराष्ट्राचे जेवढे नुकसान केले असेल तेवढे दुष्काळानेही केले नसेल. चर्चा कधी झाली, काय झाली, याची नोंद कुठेच नसते.) रक्कम साहेबांच्या अधिकारात बसत होती की नाही यावर दोन मते निघाली, तेव्हा नको ती कटकट म्हणून प्रस्ताव प्रादेशिक कार्यालयाला गेला. तिथून ‘त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावा’ आले.

तोवर मुली पाणी कुठून वापरत होत्या? टँकरचे. किरकोळ खर्चाचे अधिकार गृहपालांना होते आणि टँकरचे प्रत्येक बिल त्या मर्यादेत बसत होते. मोटर मंजूर होईपर्यंत टँकरवर मोटरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. त्यावर आजतागायत कुणी हरकत घेतलेली नाही. प्रत्येक बिल नियमात होते ना!

यात आळशी कोण? एकही नाही. प्रत्येकाचा शेरा पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. पण ‘नाही’ म्हणण्याचा किंवा शंका काढण्याचा अधिकार पाच टेबलांना आणि ‘हो’ म्हणण्याचा फक्त शेवटच्याला, अशी उतरंड रचली की याहून वेगळे काही घडत नाही. तिथे उद्या एखादा हरिश्चंद्र आणून बसवा, तोही ‘सादर’च लिहील.

शेवटचा माणूस तरी ‘हो’ म्हणायला का कचरतो? कारण लेखापरीक्षणाचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघतो तो खर्चाला मंजुरी देणाऱ्याच्या नावावर. वसुली त्याच्याकडून, विभागीय चौकशी त्याची, निवृत्तीच्या तोंडावर पेन्शनची कागदपत्रे अडकतात तीही त्याची. फाइल महिनाभर उशाला घेऊन बसलेल्याच्या नावावर कसलाच पॅरा निघत नाही. नवीन लागलेला पोरगा, स्पर्धा परीक्षा देऊन आलेला, हुशार, हे सगळे बघतो आणि वर्षाच्या आत शिकतो की आपले काम निर्णय घेण्याचे नाही, फाइल आपल्या टेबलावरून हलवण्याचे आहे. मग लोक म्हणतात, सरकारी नोकरीत माणसे बिघडतात.

यावर कायदा नाही असेही नाही. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. बदल्यांपुरता तो सर्वांना पाठ. कलम ९ मात्र कुणी उघडत नाही. त्यात म्हटले आहे की कार्यालयाने आपल्या हाताखालच्यांना दिलेल्या अधिकारांची यादी प्रसिद्ध करावी आणि कोणताही निर्णय होण्यासाठी फाइल तीनपेक्षा जास्त स्तरांवरून जाऊ नये. कलम १० सांगते की कुणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आम्ही सात दिवसांचा तक्ता भिंतीवर लावला. तीन स्तरांची यादी लावलेली मी तरी माझ्या नोकरीत कुठे पाहिली नाही. पाच टेबले प्रत्येकी सहा दिवस घेऊन बसली तर सात दिवसांचा नियम कुठेच मोडत नाही आणि महिना मात्र सरतो.

याच्या उलट, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा बघा. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, देणारा पदनिर्देशित अधिकारी अमुक, अपील तमुककडे, कसूर केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड. तिथेही सर्व्हर डाउन वगैरे रडगाणे असते, पण दाखला मिळतो, कारण सही कुणाची हे ठरलेले असते. माणसे तीच, कचेरी तीच, पगारही तोच. फरक रचनेचा.

२०२५ साली शासनाने १०० दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम घेतला आणि भारतीय गुणवत्ता परिषदेकडून गुण देवविले. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी. कचेऱ्या खरेच स्वच्छ झाल्या, पडकी वाहने अंगणातून गेली, चांगलेच झाले. ई-ऑफिसही आले, फायली संगणकावर फिरू लागल्या. पण जुन्या उतरंडीत जी पाच टेबले होती तीच आता पाच लॉगिन झाली आहेत. फायदा एवढाच की फाइल कुणाकडे किती दिवस होती हे यंत्रणेत नोंदले जाते. ती नोंद वापरायची कुणी?

सह्या कमी केल्या की भ्रष्टाचार वाढेल, असे काही वाचक म्हणतील. कोट्यवधींच्या निविदेला चार डोळे हवेतच, तिथे माझे काही म्हणणे नाही. मोटर, गळके छप्पर, तुंबलेले संडास यांना मात्र नकोत. आणि घोटाळ्यांच्या फायलींवर सह्या कमी असतात हे कुणी सांगितले? मी पाहिलेल्यांवर भरपूर होत्या. चौकशी लागली की वरचा म्हणतो, खालून प्रस्ताव आला. खालचा म्हणतो, वरून मान्यता मिळाली.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या कार्यक्रमात कार्यालयांना गुण देताना ई-ऑफिसमधून एक आकडा काढावा: सरासरी फाइल किती हातांतून गेली. कलम ९ ची यादी नागरिकांची सनद लावतात त्याच फलकावर लावावी. आणि लेखापरीक्षणाने खर्चाबरोबर वेळेवर न केलेल्या खर्चापायी गेलेल्या पैशांचाही, म्हणजे त्या टँकरचाही, हिशेब विचारावा. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या कोणत्याही दहा कार्यालयांत जाऊन ही यादी दाखवा म्हणावे आणि काय उत्तर मिळते ते छापावे.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
सोलापूर