आई, बाबांची उत्तरं तू देऊ नकोस

शांघाय

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडं थंडी पडली का?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग मी विचारलं, बाबा, जेवायला काय होतं? तर मागून तुझा बारीक आवाज, "पिठलं म्हणा." आई, तुझी कुजबुज इथं चीनपर्यंत ऐकू येते गं. फोनवर हे बोलले तर तू विषय बदलशील, म्हणून पत्र.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, नव्वदीला टेकलेल्या. मी त्यांना नायनाय म्हणते. अंघोळ, कपडे, भाजी निवडणं, सगळं हातचं स्वतः करतात. पण मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या परक्या दाराला आपली किल्ली लावत कितीतरी वेळ उभ्या होत्या. त्यांची लेक म्हणाली, शरीर धडधाकट आहे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हे एकट्या नायनायचं नाही. झेंग यी नावाच्या संशोधकांनी १९९८ पासून चीनच्या २२ प्रांतांत घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची पाहणी चालवली आहे. १९९८ मधले आणि २००८ मधले ८० ते १०५ वयाचे लोक त्यांनी ताडून पाहिले, तर नंतरचे जास्त जगत होते, आपलं आपण जास्त करत होते, पण स्मरणाच्या चाचणीत मात्र मागे पडले. पूर्वी जी नाजूक माणसं आधीच गेली असती, ती औषधपाण्यानं टिकली. आयुष्य वाढलं, डोकं तेवढं सावरलं नाही. २०१५ ते २०१८ च्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत साठीपुढच्या १०० चिनी माणसांत ६ जणांना स्मृतिभ्रंश निघाला, म्हणजे देशभरात दीड कोटी माणसं. आपल्याकडचा अंदाज त्याहून थोडा जास्तच आहे, ७.४ टक्के.

झेंग यींच्या त्या स्मरणाच्या चाचणीत एक प्रश्न असतो, एका मिनिटात खाण्याचे किती पदार्थ सांगता येतात? (आई, तुला विचारलं तर मोजणाऱ्याचं बोट दुखेल.) पण अशा चाचण्यांत शाळेची सवयही मोजली जाते. १९४९ साली इथं १०० पैकी ८० माणसं निरक्षर होती, बायका तर जास्तच. नायनायनं पाटी हातात धरली नाही, पण माजाँग या इथल्या सोंगट्यांच्या खेळात कुणी कुठली सोंगटी टाकली ते परवापरवापर्यंत त्यांना पाठ असायचं. त्यांचं किती गेलं आणि किती कधी मिळालंच नव्हतं, हे एका आकड्यावरून कसं कळणार?

या आजाराला इथं अजून 'लाओन्यान छीदाइ' म्हणतात. म्हातारपणीचा खुळेपणा. आपली 'साठी बुद्धी नाठी' काही फार बरी नाही. असं नाव असल्यावर कोण आपणहून डॉक्टरकडे जाईल?

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही इचलकरंजीत तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभे होतात. टीव्हीचा आवाज खाली चौकात ऐकू येतो, हे तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे. मला राहून राहून वाटतं, थंडीबद्दलचं माझं उत्तर तुम्ही विसरला नाहीत, ते तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. तसं असेल तर उत्तमच, पण कान कमी झालेले तसेच ठेवले तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे आता डॉक्टर मंडळी ठामपणे सांगतात. चष्मा लावताना तुम्हाला कधी लाज वाटली नाही, मग कानातल्या मशीनचीच का?

तेव्हा आधी कानाची तपासणी करून घ्या. त्याच खेपेला बी-१२, थायरॉइड आणि बीपी. बी-१२ कमी असलं तरी विसरायला होतं, आणि तुम्ही जन्माचे शाकाहारी. दादा शनिवारी गाडी घेऊन येतोय, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. उगाच "गुडघा दुखतोय" सांगू नका.

आणि आई, झाकून ठेवण्यात तुझा जीव दमतो, हे मला कळतं. नायनायच्या लेकीनंही दोन वर्षं तेच केलं.

पुढच्या रविवारी आठ वाजता फोन करीन. बाबांनी उचलायचा. काय जेवलात ते त्यांनीच सांगायचं, आठवायला वेळ लागला तरी मी थांबेन. आई, तू तेवढा वेळ गॅलरीत जाऊन बस.

तुमची,
मनू